उसनी गादी किती वर्षे टिकेल?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ३६ वर्षांचे असून कोथरूडला राहतात आणि हिंजवडीत नोकरी करतात. एकविसाव्या वर्षी कबड्डी खेळताना त्यांचा उजवा गुडघा पिरगळला. त्या वेळच्या शस्त्रक्रियेत बाहेरच्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, जवळजवळ संपूर्ण काढून टाकण्यात आली. पुढची दहा-अकरा वर्षे त्रास नव्हता. आता जिना उतरताना आणि संध्याकाळी घरी आल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते, सूज येते. एमआरआयमध्ये त्याच बाजूला मांडीच्या हाडावरील कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणात, सुमारे दोन चौरस सेंटिमीटरचा खड्डा दिसला आहे. एका सर्जनांनी मृत दात्याची गादी बसवण्याचा आणि त्याच वेळी कूर्चेचाही विचार करण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्या सर्जनांनी ‘पन्नाशीपर्यंत कसेबसे काढा, मग सांधाच बदलू’ असे सांगितले. कार्यालयातील एका सत्तावीस वर्षांच्या सहकाऱ्याने दात्याच्या ऊतीचे लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा बंध) बसवून घेतले होते, ते दुसऱ्याच वर्षी फुटबॉल खेळताना फाटले. शिवाय मृत माणसाच्या देहाचा भाग मुलाच्या शरीरात असू नये, असे त्यांच्या आईला वाटते. पत्राच्या शेवटी ते विचारतात : ‘हे आयुष्यभर टिकणार नसेल, शरीराने ते नाकारण्याचीही भीती असेल, तर एवढा खटाटोप करावाच कशाला?’

उत्तर :

तुमच्या शेवटच्या वाक्यात दोन गृहीतके आहेत. जी दुरुस्ती आयुष्यभर टिकत नाही ती व्यर्थ आहे, हे पहिले. आणि दात्याची ऊती टिकण्यात मुख्य अडथळा आपल्या शरीराच्या नकाराचा असतो, हे दुसरे. दुसरे बव्हंशी चुकीचे आहे. पहिले चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु त्यात तुलनेची दुसरी बाजू राहून गेली आहे. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली उसनी ऊती, आयुष्यभर टिकेल का, असे विचारताना ग्राफ्ट न बसवलेला तुमचा आजचा गुडघा तरी किती वर्षे असाच राहील, हेही त्याच कागदावर शेजारी मांडायला हवे.

गादी काढलेल्या गुडघ्याचे पुढे काय होते, हे वैद्यकाला १९४८ पासून माहीत आहे. त्या वर्षी फेअरबँक या ब्रिटिश सर्जनांनी अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमधील बदलांचे वर्णन केले : सांध्यातील फट अरुंद होणे, हाडाची कड वाढणे, हाडाचा गोलवा सपाट होणे. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही सर्जन मंडळी गादी अपेंडिक्ससारखी निरुपयोगी मानून काढत राहिलो, आणि या ‘आम्ही’मध्ये उमेदीच्या काळातला मीही आहे. संपूर्ण गादी गेली की दोन हाडांचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग निम्म्याच्या आसपास उरतो आणि तेवढ्या जागेवरचा दाब दुपटी-तिपटीने वाढतो. बाहेरच्या बाजूला तर नडगीच्या हाडाचा माथा किंचित फुगीर असतो, त्यामुळे तिथली गादी गेल्याचे परिणाम आतल्या बाजूपेक्षा लवकर दिसतात. तुमची दहा-अकरा वर्षे सुखाची गेली आणि मग दुखणे सुरू झाले, हा क्रम नेहमीचा आहे. त्यात तुमच्या हातून काही चूक झाली, असे मनात आणू नका.

आता नकाराच्या भीतीविषयी. मूत्रपिंड किंवा यकृत बसवले की जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, हे आपण ऐकलेले असते आणि तोच नियम आपण गुडघ्यालाही लावतो. गादीला किंवा कूर्चेला तो लागू नाही. या ऊतींसाठी अशी औषधे दिली जात नाहीत आणि रक्तगटही जुळवावा लागत नाही. जुळवावा लागतो तो आकार. तुमच्या गुडघ्याचे माप एक्स-रेवरून घेऊन त्याच बाजूची आणि त्याच मापाची गादी शोधली जाते. एवढे झाल्यावरही दोन ऊतींचा स्वभाव सारखा नसतो, आणि आपल्याकडे ‘गुडघ्यातले वंगण संपले’ या एकाच वाक्यात दोन्ही कोंबल्या जात असल्याने हा फरक लक्षात येत नाही.

गादी बहुधा अतिशीत तापमानात गोठवून ठेवलेली असते आणि तिच्यातील दात्याच्या पेशी जिवंत नसल्या तरी चालते, कारण ती एक सांगाडा म्हणून बसते आणि काही काळाने तुमच्याच पेशी त्या सांगाड्यात वस्तीला येतात. कूर्चेचे उलट आहे. तिथे दात्याच्या पेशी जिवंत असाव्या लागतात. म्हणून कूर्चा तिच्याखालच्या हाडाच्या पातळ थरासह, न गोठवता, सुमारे चार अंश सेल्सिअसला जपून, साधारण चार आठवड्यांच्या आत बसवावी लागते. त्या पेशी नव्या घरी वर्षानुवर्षे जगतात. वीस वर्षांनंतर काही कारणाने बाहेर काढलेल्या ग्राफ्टमध्येही जिवंत पेशी आढळल्या आहेत. ग्राफ्ट निकामी होतो तेव्हा बिघाड अनेकदा कूर्चेच्या खालच्या हाडात असतो : तुमचे हाड हळूहळू त्याची जागा घेत असताना तो थर मध्येच खचतो. सर्जन हाडाचा थर पातळ ठेवतात आणि त्यातील मज्जा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढतात, त्याचे हेही एक कारण आहे.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. गोठवलेली गादी मागवून ठेवता येते. ताज्या कूर्चेसाठी मात्र मापाचा दाता मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि आपल्या देशात ती सर्वत्र सहज मिळत नाही. दोन चौरस सेंटिमीटरच्या खड्ड्यासाठी तुमच्याच गुडघ्यातील कमी भाराच्या जागेची कूर्चा व हाड यांचे लहान दंडगोल काढून बसवण्याचा पर्याय असतो. तेव्हा ‘कूर्चेचाही विचार’ म्हणजे नेमके काय, ऊती कोणाची आणि ताजी की गोठवलेली, हे पहिल्या सर्जनांना स्पष्ट विचारा. गोठवलेली कूर्चा ताज्या कूर्चेची बरोबरी करत नाही.

आता वर्षांचा हिशेब. दात्याच्या गादीचे पहिले रोपण १९८४ मध्ये म्युनिकला मिलाखोव्स्की आणि विर्थ यांनी केले, म्हणजे या शस्त्रक्रियेचे वय तुमच्यापेक्षा फार जास्त नाही. सुरुवातीच्या काळात गोठवून वाळवलेल्या गाद्याही वापरल्या गेल्या. त्या आक्रसल्या आणि ती पद्धत मागे पडली. किमान दहा वर्षे पाठपुरावा असलेल्या अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा दहा वर्षांनंतर सुमारे ७३ टक्के आणि पंधरा वर्षांनंतर सुमारे ६० टक्के गाद्या ‘टिकून’ होत्या. बेल्जियममधील शंभर रोपणांच्या २००५ च्या अभ्यासात दहा वर्षांचे आकडे आतल्या गादीसाठी ७४ आणि बाहेरच्या गादीसाठी ७० टक्क्यांच्या आसपास होते. ताज्या कूर्चेचा इतिहास अधिक लांबचा आहे. टोरोंटोमध्ये १९७० च्या दशकापासून हे काम चालू आहे, आणि तेथील ५८ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात दहा वर्षांनंतर ९१, पंधरा वर्षांनंतर ८४, वीस वर्षांनंतर ६९ आणि पंचवीस वर्षांनंतर ५९ टक्के ग्राफ्ट शाबूत होते. सॅन डिएगोमधील १२९ गुडघ्यांच्या अभ्यासात हेच प्रमाण दहा, पंधरा आणि वीस वर्षांना अनुक्रमे ८२, ७४ आणि ६६ टक्के होते.

हे आकडे वाचताना ‘टिकून’ या शब्दापाशी जरूर थांबा. ग्राफ्ट काढावा लागला नाही, सांधा बदलावा लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासांत असतो. गुडघा दुखत नव्हता, असा तो नाही. सॅन डिएगोच्या त्याच अभ्यासात जवळजवळ निम्म्या गुडघ्यांवर पुढे काही ना काही शस्त्रक्रिया झाली, मग ती दुर्बिणीतून केलेली किरकोळ साफसफाई का असेना. शिवाय हे आकडे वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या केंद्रांचे आणि निवडून घेतलेल्या रुग्णांचे आहेत. म्हणून तुमच्या सर्जनांना ‘जगात काय होते’ असे विचारण्यापेक्षा ‘तुम्ही अशा किती गाद्या बसवल्या आणि पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांचे आज कसे आहे’ असे विचारलेले बरे. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सल्ला देताना तिच्यावरून अनेकदा हात फिरवला जातो. नवी गादी बसवल्याने दुखणे कमी होते आणि रोजचे चालणे-फिरणे सुधारते, याला चांगला आधार आहे. ती पुढची संधिवाताची झीज थांबवते, हे माणसांमध्ये अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच ज्यांची गादी गेली आहे पण ज्यांना काहीच दुखत नाही, त्यांना केवळ प्रतिबंध म्हणून ही शस्त्रक्रिया सहसा सुचवली जात नाही. तुम्हाला दुखते आहे, त्यामुळे तुम्ही त्या गटात मोडत नाही.

कोकणातला कोणीही आंबेवाला सांगेल, की कलम कितीही जातिवंत असले तरी भागत नाही, खुंटही धड लागतो. गुडघ्याचे तसेच आहे. दात्याची ऊती तुमच्या गुडघ्यात किती वर्षे नांदेल, हे ती दुसऱ्याची आहे यापेक्षा ती कुठे बसते यावर जास्त ठरते. पाय गुडघ्यात आत झुकलेला असेल, तर शरीराचा भार नेमका बाहेरच्या कप्प्यावर पडतो आणि नवी गादीही जुन्या कूर्चेच्याच वाटेने जाते. म्हणून उभे राहून काढलेला, कमरेपासून घोट्यापर्यंतचा संपूर्ण पायाचा एक्स-रे हवा. तुमच्या पत्रात एमआरआयचा उल्लेख आहे, या साध्या एक्स-रेचा नाही. झुकाव लक्षणीय निघाला, तर आधी किंवा त्याच वेळी हाड कापून पाय सरळ करावा लागतो, आणि मग शस्त्रक्रियेचा आवाका बदलतो. गुडघा स्थिर ठेवणारे आतले क्रुसिएट लिगामेंट सैल असेल तर गादी टिकत नाही. समोरासमोरच्या दोन्ही हाडांवरची कूर्चा सर्वदूर झिजली असेल, तर गादी बसवण्याची वेळ टळून गेलेली असते. वजन फार असेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल, तर ऊतीला दोष देण्यात अर्थ नाही. यातले काहीही पत्रावरून मला ठरवता येणार नाही, मात्र तुमचे वय आणि खड्ड्याचा मर्यादित आकार या दोन बाबी तुमच्या बाजूने आहेत.

तुमच्या सहकाऱ्याची गोष्ट खरी असणार, तरी ती तुमच्या गुडघ्याची गोष्ट नव्हे. लिगामेंट हा दोर आहे, गादी हा भार वाटून घेणारा थर आहे. दोर झटक्याने तुटतो. दात्याच्या स्नायुरज्जूपासून, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीपासून, केलेले क्रुसिएट लिगामेंट तरुण खेळाडूंमध्ये स्वतःच्या रज्जूपेक्षा निश्चितपणे जास्त फाटते, याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकी सैन्यातील शंभर गुडघ्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किमान दहा वर्षांनंतर स्वतःच्या रज्जूचे सुमारे ८ टक्के, तर दात्याच्या रज्जूचे २६ टक्क्यांहून अधिक ग्राफ्ट निकामी झाले होते. अमेरिकेतीलच अनेक केंद्रांच्या एकत्रित नोंदींत दात्याचे लिगामेंट पुन्हा फाटण्याची शक्यता सुमारे चौपट दिसली, आणि सर्वाधिक धोका दहा ते एकोणीस या वयात होता. असा ग्राफ्ट शरीरात मुरायला जास्त वेळ घेतो, आणि गॅमा किरणांची मोठी मात्रा देऊन निर्जंतुक केलेला असेल तर मुळातच कमकुवत झालेला असतो. म्हणून हा स्तंभ वाचणाऱ्या, कबड्डी, फुटबॉल किंवा मल्लखांब खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना माझे सांगणे आहे, की पहिल्याच शस्त्रक्रियेत ‘स्वतःचा रज्जू काढायला नको, तयार आणून बसवू’ हा पर्याय सोयीचा वाटला तरी त्याचे कारण विचारल्याशिवाय मान्य करू नका. एकाच वेळी अनेक लिगामेंटे तुटलेली असतात तेव्हा, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते तेव्हा किंवा वय चाळिशीपुढचे आणि हालचाल बेताची असते तेव्हा दात्याचा रज्जू योग्य ठरू शकतो. आणि ग्राफ्ट कोणाचाही असला तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणे जोखमीचे असते. तुमच्या सहकाऱ्याने किती महिन्यांनी फुटबॉल सुरू केला होता, हे एकदा विचारून पाहा.

दुसऱ्या सर्जनांच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण ‘पन्नाशीला सांधा बदलू’ हे वाक्य ते जेवढे सहज बोलले तेवढे सहज घेऊ नका. ब्रिटनमधील मोठ्या नोंदींवर आधारित, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकी आयुष्यात पुन्हा तीच शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे कृत्रिम सांधाही तरुण माणसाला ‘आयुष्यभर’ पुरेल असे नाही. तुमच्यापुढची निवड कायमचे आणि तात्पुरते अशी नसून, आज ३६ पासून साठीपर्यंतची चोवीस वर्षे कोणत्या टप्प्यांत काढायची, अशी आहे. त्यातली दहा-बारा वर्षे गादीने बऱ्यापैकी चालत-फिरत गेली आणि सांधा बदलण्याची वेळ तेवढी पुढे गेली, तर मी तिला अपयशी शस्त्रक्रिया म्हणणार नाही. उलट याच वर्षांत कूर्चा सगळीकडे झिजली, तर गादीचा पर्याय हातचा जातो, हे ‘कसेबसे काढा’ म्हणणाऱ्यांनी सांगायला हवे होते.

तरीही उद्याच तारीख घ्या, असे मी म्हणत नाही. तुम्ही आजवर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आणि कमरेच्या स्नायूंचा शिस्तीत व्यायाम केल्याचे पत्रात कुठे नाही. चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तीन महिने तो करा, वजन जास्त असल्यास चार-पाच किलो उतरवा आणि बाहेरच्या कप्प्यावरचा भार कमी करणारा पट्टा वापरून पाहा. दुखणे निम्म्याने कमी झाले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलून दर वर्षी एक्स-रेवर लक्ष ठेवता येईल. झाले नाही, तरी त्या व्यायामाने कमावलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतर कामी येईल. तीन महिन्यांनीही संध्याकाळची सूज तशीच राहिली आणि पायाचा एक्स-रे अनुकूल आला, तर माझा कल गादी बसवून घेण्याकडे आहे.

आईंबद्दल. त्यांना दधीची ऋषींची कथा तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असणार, तेव्हा ती ऐकवून त्यांना निरुत्तर करू नका. त्यांच्या अढीमागे काय आहे, ते आधी ऐकून घ्या. विटाळाची कल्पना असेल, रोगाची भीती असेल किंवा आपल्या मुलाला चिरणार, हीच काळजी वेगळ्या शब्दांत बाहेर पडत असेल. रोगाच्या भीतीला उत्तर देता येते. दात्याच्या मृत्यूचे कारण व पूर्वेतिहास तपासला जातो, रक्ताच्या चाचण्या होतात आणि ऊतीवर जंतू वाढतात का हे पाहिले जाते. धोका शून्य कधीच नसतो : २००१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एक तेवीस वर्षांचा तरुण गुडघ्यात बसवलेल्या ऊतीतील जंतूंमुळे दगावला, आणि त्यानंतर तेथील ऊतीपेढ्यांचे नियम कडक झाले. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला. ऊतीपेढीची नोंदणी सक्तीची आहे आणि मानवी ऊतीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तेव्हा तुमच्या बिलात जी रक्कम दिसेल ती ऊती मिळवणे, तपासणे आणि साठवणे यांची असायला हवी. देह कोणाचा होता, हे तुम्हाला कळणार नाही. त्याच्या घरच्यांनी दुःखाच्या घटकेला संमती दिली होती, एवढे मात्र आईंना खात्रीने सांगता येईल. त्यानंतरही त्यांचे मन वळले नाही, तर निर्णय तुमचा आहे, परंतु तो त्यांच्यापासून लपवून घेऊ नका. दीड-दोन महिने कुबड्यांवर असताना तुमचे करणार कोण?

रुग्णालयात जाताना एक वही न्या आणि ही माहिती लिहून घ्या : ऊती कोणत्या पेढीतून येणार, ती पेढी नोंदणीकृत आहे का, ऊतीला किरणोत्सर्ग दिला आहे का व किती, ती कशी साठवली होती. शस्त्रक्रियेनंतर ऊतीच्या पाकिटावरील क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पुढे कधी त्या दात्याविषयी काही निष्पन्न झाले, तर तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा तोच एक धागा असतो. विमा कंपनीकडून ऊतीचा खर्च मान्य आहे की नाही, हे आधीच लेखी घ्या.

नंतरच्या दिवसांची कल्पना असू द्या. पहिले सुमारे सहा आठवडे पायावर पूर्ण भार नाही, गुडघा काटकोनाच्या पुढे वाकवायचा नाही. उजवा पाय असल्याने गाडी चालवणे काही आठवडे बंद. हिंजवडीच्या रहदारीत ब्रेकवरचा पाय कच्चा असून चालत नाही. घरात भारतीय बैठकीचा संडास असेल, तर आधीच पर्याय करा. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे बरेच महिने टाळावे लागेल, आणि काही जणांना ते कायमचे कमी करावे लागते. सायकल आणि पोहणे सर्जनांच्या परवानगीने पुन्हा सुरू होईल. कबड्डी मात्र सोडायची. गादी बसवल्यावरही झटके देणाऱ्या खेळांना मी कोणालाही परवानगी दिली नाही.

पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही दर रविवारी सिंहगड चढत होता आणि तो पुन्हा चढता येईल का, असे विचारले आहे. गुडघ्यावर खरा भार चढताना नसतो, उतरताना असतो. तेव्हा सगळे ठीक झाले, तर वर्षभरानंतर सावकाश, काठी घेऊन चढा, वर पिठले-भाकरी खा आणि खाली गाडीने या.